विलायतेहून परतलेला नायक

(दिलसुखनगर, हैदराबाद येथे मराठी भाषिक श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर, उमरगा, जहिराबाद असा प्रवास करीत हैदराबादेत शिरतो आणि पुढे दिलसुखनगरच्या भर वस्तीतून विजयवाड्याच्या दिशेने जातो. या रस्त्याचे चित्रपटसृष्टीशी एक मौजेचे नाते आहे. त्याच्या पश्चिमेकडील टोकाला, पुण्यात, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पूर्वेला, दिलसुखनगर आणि हयातनगर ओलांडल्यावर, १९९६ साली उभी राहिलेली रामोजी चित्रनगरी लागते. एका ठिकाणी जुने चित्रपट जतन केले जातात, दुसऱ्या ठिकाणी नवे निर्माण होतात. या दोहोंच्या मधोमध वसलेल्या हैदराबाद शहरात शंभर वर्षांपूर्वी एक चित्रपट कंपनी निघाली होती, हे मात्र आज फारच थोड्यांना ठाऊक आहे. ती कंपनी काढणारा तरुण बंगाली होता, व्यवसायाने चित्रकार व शिक्षक होता, आणि एका विनोदी प्रेमकथेच्या मूकपटाने तो नुकताच नावारूपाला आला होता. त्याचे नाव धीरेंद्रनाथ गांगुली. तो मूकपट म्हणजे १९२१ सालचा ‘बिलेत फेरत’.

हा विषय मराठी श्रोत्यांना परका वाटण्याचे कारण नाही. १९२२ साली औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. परंतु ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी नांदेडच्या शेतकऱ्याची राजधानी हैदराबाद हीच होती. म्हणूनच त्या राजधानीत काय उगवले आणि काय खुडले गेले, हा मराठवाड्याच्याही इतिहासाचा भाग ठरतो.

एका शब्दाची गंमत

‘बिलेत फेरत’ या बंगाली शब्दांचा अर्थ ‘विलायतेहून परतलेला’. बंगाली ‘बिलेत’ आणि मराठी ‘विलायत’ ही एकाच मूळ अरबी शब्दाची दोन रूपे होत. मूळ अर्थ आहे राज्य अथवा प्रांत. हिंदुस्थानात आल्यावर त्याचा रोख सातासमुद्रापलीकडील देशाकडे, विशेषतः इंग्लंडकडे वळला. मराठी माणसाने हा शब्द इतका आपलासा केला की अमेरिका खंडातून आलेल्या झाडालाही तो ‘विलायती चिंच’ म्हणू लागला. दुरून आलेले ते सारे विलायती! या शब्दात एकाच वेळी कौतुकही आहे आणि टिंगलही आहे. ‘विलायती माल’ म्हणताना जीभ जरा आदराने वळते, आणि ‘आला मोठा विलायतेहून’ म्हणताना तीच जीभ चिमटा काढते. या चित्रपटाचा सारा विनोद शब्दाच्या या दुहेरी छटेत साठवलेला होता.

त्या काळाचीही आठवण ठेवली पाहिजे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव कायम झाला होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोठी होळी पेटली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, २६ फेब्रुवारी १९२१ रोजी, कलकत्त्याच्या भवानीपूर भागातील रसा थिएटरात ‘बिलेत फेरत’ प्रथम दाखविण्यात आला. विलायतेचा प्रश्न तेव्हा केवळ पोशाखाचा राहिला नव्हता. तो घराघरांतील आणि मनामनांतील प्रश्न झाला होता. अशा तापलेल्या हवेत त्या प्रश्नावर लोकांना पोटभर हसविणे हे धाडसाचे काम होते.

दोन्ही बाजूंना टोला

कथानक साधे होते. एक तरुण बरीच वर्षे परदेशी राहून घरी परततो. तिकडच्या चालीरीतींनी तो इतका भारावलेला असतो की आपल्याच घराकडे तो परक्याच्या नजरेने पाहू लागतो. प्रेम कसे करावे, विवाह कसा जुळवावा याबद्दलच्या त्याच्या नव्या कल्पना ऐकून आईवडील चकित होतात. इकडे मुलगा विलायती शिष्टाचार सोडीत नाही आणि तिकडे घरची मंडळी जुने वळण सोडीत नाहीत. या ओढाताणीतून विनोद निर्माण होतो.

या विनोदाचे वैशिष्ट्य असे की त्याने कोणा एका पक्षाची बाजू घेतली नाही. साहेबी थाटाचा तरुण हास्यास्पद ठरला, तसाच नव्या विचारांच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा जुना समाजही हास्यास्पद ठरला. याचे महत्त्व मराठी वाचकांना सहज पटावे. आपल्याकडे १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘तरुणीशिक्षणनाटिका’ लिहिली, तीत शिकलेल्या स्त्रियांची थट्टा होती. उलट, गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ने म्हाताऱ्या नवरदेवाची आणि त्याला मुलगी विकणाऱ्या बापाची लाज काढली. पहिल्या नाटकाने नव्याला चिमटा काढला, दुसऱ्याने जुन्याला. एकाच कथेत दोघांनाही समोर बसवून हसविणे अधिक अवघड असते, कारण प्रेक्षागृहातील प्रत्येक माणसाला कधी ना कधी स्वतःवर हसावे लागते. बंगालमध्ये त्याच सुमारास गगनेंद्रनाथ टागोर यांची व्यंगचित्रे साहेबी बाबूंची आणि ढोंगी धर्ममार्तंडांची अशीच खोड काढीत होती. ‘बिलेत फेरत’ त्याच वाऱ्यावर वाढलेला होता.

भारतीय चित्रपटाचे वय त्या वेळी आठ वर्षांचेही नव्हते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर पडद्यावर मुख्यतः पौराणिक कथांचेच राज्य होते. फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ यासारखे छोटे विनोदी चित्रपटही काढले, परंतु ते मुख्य खेळाला जोडून दाखवावयाचे लहान तुकडे होते. देवदेवतांचा मुकुट उतरवून, समकालीन पोशाखातील समकालीन माणूस पडद्यावर आणणे आणि त्याच्या प्रेमाची व फजितीची गोष्ट सांगणे, ही वाट नवी होती. त्या वाटेवरील अगदी आरंभीच्या चित्रपटांत ‘बिलेत फेरत’ची गणना केली जाते.

बोलपटापूर्वीचा अभिनय

आजच्या तरुण पिढीला मूकपट म्हणजे काय, याची नीट कल्पना येणे कठीण आहे. चित्रण करणारा यंत्राचा दांडा हाताने फिरवी. सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे घेतली जात. एक हजार फुटांचे एक रीळ त्या गतीने सुमारे सोळा-सतरा मिनिटे चाले. मधूनमधून पडद्यावर अक्षरे झळकत आणि जे काही संवाद असतील ते त्या पाट्यांवर वाचावे लागत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवी. पडद्यासमोर बसलेला पेटीवाला आणि तबलजी प्रसंगानुसार वाजवीत. लढाई आली की तबला, विरह आला की पेटी, असा तो मामला होता.

अशा खेळात विनोद करणे विशेष कठीण. नाटकातील विनोदी पात्राला कोटी करता येते, आवाज बदलता येतो. मूकपटातील नटाजवळ चेहरा, हात-पाय आणि चाल यांखेरीज काहीही नसते. धीरेंद्रनाथ गांगुली यशस्वी झाले याचे कारण त्यांनी ही विद्या चित्रपटात येण्यापूर्वीच साधली होती.

गांगुली यांचा जन्म २६ मार्च १८९३ रोजी झाला. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात त्यांचे शिक्षण झाले. पुढे हैदराबादच्या कलाशाळेत ते मुख्याध्यापक झाले. म्हणजे या शहराशी त्यांचे पहिले नाते शिक्षकाचे होते. रंगभूषेचा आणि छायाचित्रणाचा त्यांना छंद होता. १९१५ साली त्यांनी ‘भावेर अभिव्यक्ती’ नावाचे छायाचित्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील माणसे वेगवेगळी दिसत, परंतु ती सारी सोंगे एकट्या गांगुलींनीच घेतलेली होती. कुठे ते पुरुष होते, कुठे स्त्री, आणि काही चित्रांत तर युक्तीने एकाच चौकटीत ते अनेक रूपांनी उभे होते. राग, लोभ, भीती, गर्व, लाज हे भाव केवळ चेहऱ्यावर कसे उमटतात याचा तो एक पाठच होता. वेशांतराच्या या कौशल्याची कीर्ती इतकी पसरली की पुढे कलकत्त्याच्या पोलिसांनीही गुप्तहेरांना वेश पालटण्याचे शिक्षण देण्यासाठी त्यांची मदत घेतली.

हे पुस्तक चित्रपटगृहांचे मोठे जाळे उभारणारे पारशी व्यावसायिक जमशेदजी फ्रामजी मादन यांच्यापर्यंत पोहोचले आणि गांगुलींची पावले चित्रपटाकडे वळली. नंतर नितीशचंद्र लाहिरी यांच्या साथीने त्यांनी इंडो-ब्रिटिश फिल्म कंपनी काढली. बंगाली मंडळींनी स्वतःच्या मालकीची चित्रपट कंपनी काढण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. ‘बिलेत फेरत’चे दिग्दर्शन लाहिरींनी केले, तर लेखन आणि नायकाची भूमिका गांगुलींची होती. हेच लाहिरी पुढे १९६२-६३ साली रोटरी इंटरनॅशनल या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि त्या पदावर बसणारे ते पहिले आशियाई गृहस्थ ठरले. चित्रपट लोकप्रिय झाला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा चित्रकला-शिक्षक एकाएकी नामवंत नट बनला. लोक त्यांना ‘डी. जी.’ या आद्याक्षरांनी ओळखू लागले.

राजधानीत लोटस

कंपनीतील भागीदारी फार काळ टिकली नाही. गांगुलींनी कलकत्ता सोडले आणि १९२२ च्या सुमारास ते आपल्या ओळखीच्या हैदराबादेत परत आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. १९१८ साली त्यांनी उस्मानिया विद्यापीठाची स्थापना केली होती. नव्या विद्येला आणि कलेला आश्रय देण्याची दरबाराची तयारी होती. या आश्रयाखाली गांगुलींनी ‘लोटस फिल्म कंपनी’ उभी केली आणि चित्रपटांच्या निर्मितीबरोबर चित्रपटगृहेही चालविली.

लोटसच्या चित्रपटांची नावे पाहिली तरी गांगुलींच्या मनाचा कल कळतो. ‘इंद्रजित’, ‘हर-गौरी’, ‘ययाति’ यांसारखे पौराणिक विषय त्यांनी घेतले, कारण प्रेक्षकांना त्यांची गोडी होती. परंतु त्याच जोडीला ‘लेडी टीचर’ आणि ‘मॅरेज टॉनिक’ अशी नावेही दिसतात. शिक्षिका झालेली स्त्री आणि विवाह हे विषय, म्हणजे ‘बिलेत फेरत’ने सुरू केलेली नव्या-जुन्याची चर्चाच होय. हे ज्या काळी घडले त्या काळी चित्रपटात काम करावयास स्त्रिया मिळणे दुरापास्त होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. फाळक्यांची पहिली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने रंगविली होती. १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ती कोंडी फोडली खरी, तरी पुढे कितीतरी वर्षे प्रतिष्ठित घरांना चित्रपटाचे दार बंदच होते.

अल्पावधीत सहा-सात चित्रपट काढणारी कंपनी म्हणजे त्या काळच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. दख्खनच्या पठारावर, उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड या चार भाषांच्या संगमावर, एक चित्रपट केंद्र आकार घेऊ लागले होते. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती, फक्त पाट्या बदलल्या की झाले. चारही भाषिकांना एकाच पडद्यासमोर एकत्र हसविण्याची अशी संधी त्यानंतर या प्रदेशाला क्वचितच लाभली असेल.

एक हुकूम

१९२४ साली गांगुलींच्या चित्रपटगृहात ‘रझिया बेगम’ हा चित्रपट लागला. तो गांगुलींनी काढलेला नव्हता, मुंबईत तयार झालेला होता. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या सुलताना रझियाची प्रेमकथा त्यात होती. तेराव्या शतकातील ही हकीकत नवी नव्हती. परंतु राजघराण्यातील मुस्लिम स्त्रीचे प्रेम पडद्यावर दाखविले जावे हे निजामांना रुचले नाही. गांगुलींना संस्थान सोडून जाण्याचा हुकूम झाला. चित्रपट कंपनी गुंडाळली गेली आणि गांगुली कलकत्त्याला परतले.

येथे क्षणभर थांबून विचार करणे उचित ठरेल. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१८ च्या कायद्यानुसार चित्रपटांची तपासणी होत असे आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे त्यासाठी मंडळे काम करू लागली होती. ती मंडळेही निर्दोष नव्हती. १९२१ सालच्या ‘भक्त विदुर’मध्ये विदुराचा वेश गांधीजींसारखा दिसला म्हणून काही ठिकाणी त्यावर बंदी आली. तथापि तेथे अर्ज करण्यास जागा होती, आणि एका प्रांतात बंद झालेला चित्रपट दुसऱ्या प्रांतात दाखविता येत असे. संस्थानात एकाच व्यक्तीची मर्जी हा कायदा. मर्जी होती तोवर कंपनी वाढली, मर्जी फिरली आणि कंपनी उखडली.

यातील विसंगती सूक्ष्म आहे. प्रजेच्या घरातील विवाह, प्रजेच्या मुलींचे शिक्षण, विलायतेहून आलेल्या मुलाची फजिती या गोष्टींवर हसण्यास मोकळीक होती. प्रेमाची कथा सिंहासनाच्या पायरीपर्यंत पोहोचली तेव्हा मात्र ती सहन झाली नाही. गांगुलींच्या पहिल्या चित्रपटाने स्वतःवर हसण्याचा धडा दिला होता. ज्यांच्या आश्रयाने ते काम करीत होते, त्यांनाच तो पचविणे जड गेले.

कोल्हापूरशी तुलना

या घटनेने काय गमावले हे समजण्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे. कोल्हापूर हेही संस्थानच होते. राजर्षी शाहू महाराजांनी कलावंतांना उदार आश्रय दिला होता. त्या वातावरणात बाबूराव पेंटर यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली ‘सैरंध्री’, १९२३ साली ‘सिंहगड’ आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ असे तिचे टप्पे आहेत. ‘सावकारी पाश’मध्ये कर्जाने नाडलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम या उगवत्या कलावंताने केली. सावकाराच्या दाराशी हतबल झालेला शेतकरी पडद्यावर दिसला तेव्हा खेड्यातील माणसाला प्रथमच स्वतःचे दुःख तेथे दिसले.

महत्त्वाची बाब पुढेच आहे. त्या कंपनीत तयार झालेली माणसे, म्हणजे विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर, यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला. एका कंपनीतून दुसरी जन्मली, एका पिढीने दुसरीला शिकविले. कारागीर, नट, छायालेखक, नेपथ्यकार यांची परंपरा अशीच निर्माण होते. त्यासाठी दहा वर्षे निर्वेध मिळावी लागतात. कोल्हापूरला ती मिळाली, हैदराबादला दोनच मिळाली.

हैदराबादने गमावले ते कलकत्त्याने कमावले. गांगुलींनी तेथे १९२९ च्या सुमारास ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स ही कंपनी काढली. देवकी बोस आणि प्रमथेश बरुआ या पुढे अखिल भारतीय कीर्ती मिळविलेल्या दिग्दर्शकांचा चित्रपटसृष्टीशी पहिला परिचय त्याच कंपनीत झाला. हैदराबादेत चित्रपटनिर्मिती पुन्हा मूळ धरू लागली ती १९५० नंतरच्या दशकांत. तेलुगू चित्रपटांचे बिऱ्हाड मद्रासहून इकडे हलण्यास आणखी बराच काळ लागला. आज या शहराचे चित्रपट साऱ्या देशात गाजतात. परंतु मधल्या दशकांत नांदेड-परभणीच्या एखाद्या होतकरू मुलाला चित्रपटाची कला शिकावयाची तर राजधानीत जागा नव्हती, त्याला पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागे.

स्वतः गांगुलींना दीर्घायुष्य लाभले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण आणि १९७५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. मूकपटाच्या आरंभकाळात उमेद बाळगणाऱ्या एका विनोदी नटाचा सन्मान मूकपटाच्याच जनकाच्या नावाने व्हावा, यात औचित्य होते.

आजचा ‘बिलेत फेरत’

एक शतक लोटल्यानंतर या जुन्या प्रेमकथेचे आज काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दिलसुखनगरच्या रस्त्यावरच मिळते. येथील इमारतींवर शिकवणी वर्गांच्या आणि संगणक प्रशिक्षणाच्या पाट्यांची दाटी असते. २०१८ साली या भागातून मेट्रो धावू लागली आणि ही गर्दी अधिकच वाढली. तेलंगणातील आणि शेजारच्या मराठवाड्यातील मुले-मुली येथे येऊन शिकतात. त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांपुढे परदेशगमनाचे ध्येय असते. त्यांच्या शिक्षणासाठी कोणी शेत गहाण ठेवलेले असते, कोणी दागिने मोडलेले असतात. मुलगा परत आला की त्याचे बोलणे, जेवणे, उठण्या-बसण्याचे वेळापत्रक बदललेले असते. त्याचे किंवा तिचे लग्न कोणी ठरवावयाचे, या प्रश्नावर आजही घरातील वातावरण तंग होते. कधी आईबापांची वेदना खरी असते, कधी मुलांची घुसमट खरी असते, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी खऱ्या असतात.

शंभर वर्षांपूर्वी गांगुलींनी या पेचावर उपदेशाचे औषध दिले नाही. त्यांनी दोन्ही बाजूंना एकाच पडद्यासमोर बसविले आणि हसविले. जो स्वतःवर हसू शकतो त्याला दुसऱ्याचे ऐकणे सोपे जाते. ग्रामीण भागात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना हा अनुभव नित्याचा आहे. बालविवाह, हुंडा, व्यसन यांसंबंधी जे काम भाषणाने होत नाही ते पुष्कळदा एखाद्या वगाने किंवा सोंगी भारुडाने होते. प्रबोधनाचे काम करणाऱ्याने विनोदाला हलके लेखू नये. मात्र तो विनोद दुबळ्याची टवाळी करणारा नसावा आणि सांगणाऱ्यालाही सवलत देणारा नसावा.

जे उरले ते जपावे

या कहाणीचा शेवटचा भाग थोडा खिन्न करणारा आहे. आज ‘बिलेत फेरत’ पाहावयाचा म्हटले तर तो मिळत नाही. लोटस कंपनीचे चित्रपटही काळाच्या पोटात गेले. ‘सावकारी पाश’ची मूळ मूक आवृत्तीदेखील हाती उरली नाही. भारतात एक हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, पण आज पूर्ण किंवा अंशतः उपलब्ध आहेत ते अगदीच थोडे. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेत, आणि दमट हवेत चिकट होऊन त्यांचा भुगा होई. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि बोलपटाचे युग सुरू झाले. मग मुक्या फितींना कोणी विचारीनासे झाले. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीही पुष्कळ फिती नष्ट करण्यात आल्या. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जपून ठेवलेला नायट्रेटचा काही ठेवाही भस्मसात झाला.

म्हणजे ‘रझिया बेगम’वरील रोषाने कंपनी बंद पडली, तर चित्रपट नष्ट झाले ते सर्वांच्या बेफिकिरीने. हुकूम देणारा एक होता. बेफिकीर अनेक होते, आणि त्यांत सर्व थरांतील माणसे होती.

या बाबतीत अजूनही करण्यासारखे पुष्कळ आहे. मराठवाड्यात आणि हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर ट्रंका पडून आहेत. त्यांत चित्रपटगृहाचे एखादे हस्तपत्रक, तंबूतील खेळाची जाहिरात, जुने छायाचित्र किंवा फितीचा तुकडा निघू शकतो. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी तो कोणा जाणकाराला दाखवावा. जुन्या फितीचा डबा सापडल्यास तो उन्हात ठेवू नये, दिव्याजवळ किंवा चुलीजवळ नेऊ नये, स्वतः उलगडू नये, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातील वृद्धांकडे पाठवावे. गावात पहिला चित्रपट कोठे व केव्हा दाखविला गेला, तंबू कोणत्या जत्रेत लागे, तिकीट किती होते, स्त्रिया कोठे बसत, पाट्या कोण वाचून दाखवी, याची आजी-आजोबांनी सांगितलेली माहिती वहीत उतरवून घ्यावी. हे काम एका सुट्टीत होण्यासारखे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या जुन्या दप्तरांत चित्रपटगृहांच्या परवान्यांचे कागद असतात. ते निकालात काढताना संबंधित कर्मचाऱ्यांनी एकवार पाहावे, अशी विनंती आहे.

धीरेंद्रनाथ गांगुलींचा चेहरा ‘भावेर अभिव्यक्ती’च्या छायाचित्रांत राहिला आहे. ज्या हास्याने तो चेहरा १९२१ च्या पडद्यावर उजळला होता ते हास्य मात्र पुढील पिढ्यांना पाहता आले नाही. आपल्या गावच्या, आपल्या घरच्या कलावंतांच्या बाबतीत असे होऊ नये, एवढी काळजी प्रत्येकाला घेता येण्यासारखी आहे. ती घेतली जाईल असा विश्वास वाटतो.